मंजुरी

शहराचा पैसा कशावर खर्च करायचा, हे रहिवाशांना विचारायला सभा भरली होती. कुणाला पार्किंग हवं होतं, कुणाला कारंजं. टेलरकाका माईकसमोर उभे राहिले.

"आमच्या हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, तेही दोन बस बदलून. येताना ती माझ्या खांद्यावरच झोपते. स्टॉप आला तरी उठवायचं जिवावर येतं. आपल्या इथल्या दवाखान्यात सोय झाली तर..."

पार्किंगसाठी हमरीतुमरीवर आलेले शेजारीच आधी उठले. "आमचं राहू द्या, काकांचं घ्या." बघता बघता सगळ्या सभागृहाचे हात वर झाले.

सभा घेणाऱ्या पालिकेच्या साहेबांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. "नवी इमारत, नवी मशिन्स. तीन वर्षांत केंद्र सुरू होईल."

सगळ्यांबरोबर काकांनीही टाळ्या वाजवल्या. बायकोचं हे वर्षही निघेलसं वाटत नाही, असं डॉक्टर त्यांना परवाच बाजूला घेऊन म्हणाले होते. घरी त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

चपला काढायच्या आधीच ते बायकोला म्हणाले, "मंजूर झालं गं. लवकरच सुरू होतंय. आता आपल्याला लांब जायला नको."

उशीला टेकून बसलेल्या तिनं त्यांना जवळ बोलावलं आणि शर्टाची मुडपलेली कॉलर हळूच सरळ केली.

"बरं झालं हो. कुणाच्या तरी बायकोची फरफट वाचेल."