सदतिसावी चिठ्ठी

१२ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. संग्रहालयाच्या प्रश्नपेटीतून सदतीस चिठ्ठ्या निघाल्या. घड्याळ नसताना लोक वेळेवर उठत कसे, साबण नसताना हातांचे तेल कशाने निघे, असले प्रश्न. प्रमुखांनी छत्तीस चिठ्ठ्या आजींपुढे सरकवल्या. एक चुरगाळून टोपलीत टाकली.

आजींनी ती उचलली आणि तळहाताने सपाट केली. अक्षर शाळकरी मुलीचे होते: ‘कारखान्यातल्या बायका लघवीला कुठे जायच्या?’

ज्या बल्बच्या कारखान्याचे आता संग्रहालय झाले होते, तिथेच आजींनी एकतीस वर्षे काचेत तारा बसवल्या होत्या. हल्ली त्या पाहुण्यांच्या प्रश्नांची उत्तरे लिहून फलकावर लावत. प्रमुख त्यांच्या धाकट्या लेकाच्या वयाचे. भिंतीवर असले काही शोभत नाही, असे त्यांनी गोडीगुलाबीने समजावून पाहिले. मात्रा चालेना, तेव्हा आजींच्या नेमणुकीची मुदत याच महिन्यात संपते, याची आठवण करून दिली.

“मग या छत्तीसही नव्या माणसाकडूनच लिहून घ्या,” आजी म्हणाल्या.

प्रमुख हसले. “अहो आजी, यात लिहिण्यासारखं आहे तरी काय? जात असतील, येत असतील.”

आजींनी कपाटातून एक पितळी बिल्ला काढला. कारखान्याच्या दर खात्यात असा एकच असे. तो जिच्या हाती, तिनेच जागा सोडायची, तीही पाच मिनिटे. आणि तो द्यायचा की नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर. आजींनी पैज लावली: साहेबांनी दुपारी एकपर्यंत हा नियम पाळून दाखवावा. तरीही त्यांचे मत कायम राहिले, तर चिठ्ठी आजी स्वतः फाडतील.

प्रमुखांना गंमत वाटली. त्यांनी मुद्दाम दुसरा चहा मागवला.

साडेअकराला त्यांची चुळबुळ सुरू झाली. बाराला हातातली फाइल उलटी होती. सव्वाबाराला त्यांनी बिल्ला मागितला. हातातले काम आधी संपवा, असे उत्तर मिळाले. मुकादमही हेच म्हणे. बारा चाळीसला साहेबांचा आवाज इतका मऊ झाला, की आजींनी बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला.

प्रमुख टेबलावरचे कागद आवरून जवळजवळ धावतच स्वच्छतागृहाशी पोहोचले. तोवर आजी पुढे येऊन दारात आडव्या उभ्या होत्या.

“आजी, बाजूला व्हा. बिल्ला आहे माझ्याकडे.”

“आहे ना. पण साहेब, हे दार तेव्हा नव्हतं. बिल्ला नुसता बाहेर पडण्यापुरता. आडोसा जिचा तिने शोधायचा.”

प्रमुखांनी एकदा बिल्ल्याकडे, एकदा दाराकडे पाहिले. आजी बाजूला झाल्या.

दुपारी दोन वाजता फलकावर उत्तर लागले. खाली प्रमुखांची सही होती.

कामगार बायका एकशे बेचाळीस. त्यांच्यासाठी संडास शून्य.