पंधरापर्यंत

"बांगड्या काढून ठेव," छगन तिसऱ्यांदा म्हणाला. "मशीनला धातू चालत नाही."

"बोलावतील तेव्हा काढते," कलाबाई म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन स्वस्थ बसून राहिली.

छगनला बायकोच्या धीराचं कौतुक वाटलं. तिचा सांधेवात सात वर्षांचा. असा आजार कधी कधी फुप्फुसातही उतरतो, वेळेत दिसला तर औषधानं आटोक्यात राहतो, असं डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर होता. डॉक्टर मात्र मोठा गप्पिष्ट माणूस. निघताना छगनचाही हात हातात धरून बसले, गमतीनं त्याच्याही पाठीला नळी लावली.

एरवी छगनला दवाखान्याचं वावडं. बावीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, एक खाडा नाही. सकाळी बोटं पांढरीफटक पडत, शर्टाची बटणं लागत नसत. पण ते गार पाण्यानं, असं तो म्हणे. आज तिच्यासाठी त्यानं पाळी सोडली होती.

कोसाडच्या घरी पंधरा दिवस सराव चालला होता. फुप्फुसाचा फोटो काढताना मशीनमध्ये श्वास रोखून निपचित पडावं लागतं. आधी उताणं, मग पालथं. कलाबाईला ते काही समजेना. "तुम्ही करून दाखवा, मी बघते," ती म्हणायची. मग छगन फरशीवर आडवा व्हायचा आणि ती अंक मोजायची. पहिल्या दिवशी नऊलाच त्याला धाप लागली. "पप्पा नापास," लेक योगिता हसली होती. काल मात्र पंधरा झाले. कलाबाई स्वतः कितीपर्यंत जाते, हे बघायचं राहूनच गेलं.

सवयीनं त्याचा हात गळ्याशी गेला. चांदीचा ताईत नव्हता. दोरा विटला म्हणून तिनं परवाच काढून ठेवला होता.

"घाबरू नको," तो म्हणाला. "सगळं चांगलं निघालं की गाडीवरचा गरमागरम लोचो खाऊ."

"खाऊ की."

आतलं दार उघडलं. "छगनभाई धुडकूभाई!"

छगन उठला. "बाईचं नाव घ्या, साहेब. पेशंट ही आहे."

कलाबाईनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण सोडवलं, मग दुसरं.

"माझा फोटो मागच्या सोमवारीच काढून झाला. साफ आहे," ती म्हणाली. "जा आता. पंधरापर्यंत जमतं तुम्हाला."