कॅमेरा नको

“कॅमेराही देऊ का?” दुकानदाराने विचारलं. आईसाठी टीव्हीला जोडायचा, सुपारीच्या डब्याएवढा स्वस्तातला कॉम्प्युटर मी निवडला होता. “नको, माइक पुरे,” म्हणालो. तिला मी दिसलो की झालं.

सोलापूरला तो जोडून दिला आणि मी बंगळूरला परतलो. पहिल्याच रविवारी व्हिडिओ कॉलसाठी आई टीव्हीसमोर बसली. “मी दिसतेय ना रे?”

कॅमेऱ्याचे पैसे वाचवले, हे सांगायला जीभ रेटेना. “मस्त दिसतेस,” म्हणालो.

मग दर रविवारी तेच. ती नव्या साडीबद्दल, गजऱ्याबद्दल विचारायची. मी पडद्यावरच्या काळ्या चौकोनाला छान म्हणायचो.

आज तिने साडीचं, गजऱ्याचं काही विचारलं नाही. “छान दिसतेस,” मी सवयीने म्हणालो.

“तीन रविवार वाट बघितली,” ती हळूच म्हणाली. “हाताच्या प्लास्टरबद्दल तू एकदाही विचारलं नाहीस.”