समोरचं रान

विमान वर उचलताच इंजिन बंद पडलं, तर नाक खाली घ्यायचं आणि समोर मिळेल तिथे उतरायचं. धावपट्टीकडे वळायला गेलात तर विमान दगडासारखं खाली येतं, हे तो प्रशिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोकून घ्यायचा.

त्याची लेक पहिल्यांदाच एकटी उडाली आणि झाडांच्या जरा वर जाताच इंजिन थांबलं. तिने नाक खाली घेतलं. समोर नांगरलेलं मोकळं रान होतं. खाली उभ्या बापाला मात्र रानापलीकडची झाडीच दिसली. त्याने रेडिओ उचलला.

"बाळा, परत फिर."

"बाबा, तुम्हीच तर म्हणता..."

"मी सांगतोय ना, फिर."



एरवी शब्दाला शब्द वाढवणाऱ्या लेकीने या वेळी बापाचं मुकाट्याने ऐकलं.