तीनशे वर्षांची धून

"ह्याला अल्बम म्हणतात?" फिन्टन मास्तरांनी बिअरचा ग्लास सरळ आमच्या बँडच्या सीडीवर ठेवला. सगळं आयर्लंड हा अल्बम डोक्यावर घेऊन नाचत होतं, आणि गावच्या पबमध्ये त्याची ही किंमत. "दोन गाणी ऐकली आणि बंद केलं. बापजाद्यांच्या संगीतावर ड्रम काय बडवता, शिव्या काय घालता!"

मास्तर म्हणजे आमच्या भागातल्या लोकसंगीत स्पर्धांचे कायमचे परीक्षक. शाळेत असताना त्यांनी मला 'घाई फार' म्हणून बाद केलं होतं. तेव्हापासून मी त्यांना ओळखून आहे. वर धूळ बसल्याशिवाय ह्या माणसाला काही म्हणून आवडत नाही.

"खरं जुनं कसं असतं ते ऐक," म्हणत त्यांनी बासरी काढली. संथ, रडवेली धून. अख्खा पब डोळे मिटून ऐकू लागला. मला मात्र ठसका लागला.

आमच्याकडे धून कर्णोपकर्णी फिरते. ती कुणाची, हे विचारायची पद्धतच नाही. पण ही मी लगेच ओळखली. आमच्या अल्बममधली शेवटची. आईच्या स्वयंपाकघरात, खडखडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या ठेक्यावर मीच रचलेली.

मास्तरांनी डोळे पुसले. "तीनशे वर्षांची आहे. असं काही सुचायला अख्खा जन्म घालवावा लागतो, पोरी."

"छे हो मास्तर," मी म्हणाले, "एक धुणं पुरतं."