सहावी मेंढी

"विज्ञानापुढे कुठलाही पडदा टिकत नाही!" असं डॉक्टर नंदकिशोर ठणकावून म्हणाले आणि गोणपाटाच्या पडद्यापुढे, ओल्या लेंड्यांवर, मांडी घालून बसले.

पडदा काशीराम धुरी यांचा होता. धुरी विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना घड्याळ दिलं, वेळेचं काय करायचं ते सांगितलं नाही. म्हणून मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी, घरामागच्या शेडमध्ये त्यांनी पाच मेंढ्या पाळल्या. मालवणी माणसाने मेंढ्या पाळणं म्हणजे धनगराने होडी घेणं. पण निगा अशी, की गाभण मेंढ्यांना दुपारी पंखा आणि संध्याकाळी भिजवलेला मका.

अट एकच. गाभण पोट परक्याच्या नजरेस पडता कामा नये.

"दृष्ट लागते, डॉक्टरसाहेब. आमच्यात चालत नाही."

पडद्याला वीतभर चीर होती. डॉक्टरांनी तीतून हात घालायचा, पोटावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवायचं आणि मांडीवरच्या छोट्या स्क्रीनवर बघायचं. चाळीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी केलेल्या माणसाला हे पोस्टाच्या पेटीत हात घालण्यासारखं वाटत होतं. पण गिऱ्हाईक जुनं.

काशीरामांच्या पत्नी वनमालाबाईंनी चहा आणला. चहा कसला, पाक.

"अक्षता कुठंय? तिला माझा डायबेटिस पाठ आहे."

"सून माहेरी गेलीय. देवगडला," वनमालाबाई म्हणाल्या आणि लगेच वळल्या.

डॉक्टर हिरमुसले. 'डॉक्टरकाका, साखर नाही हं घातली,' असं म्हणणारी या घरात ती एकटीच. बाकी सगळ्यांचे ते डॉक्टरसाहेब. एरवी त्यांच्या बॅगेवर तुटून पडणाऱ्या दोन्ही नातीसुद्धा आज पायरीवर एकमेकींना चिकटून गप्प बसल्या होत्या.

काशीराम आतून एकेक मेंढी धरत होते. पहिलीने लाथ मारली. दुसरी बेंबाटली. तिसरीला जुळं होतं. चौथी नुसतीच लठ्ठ निघाली. पाचवीच्या पोटातला इवला खूर डॉक्टरांनी कौतुकाने दोनदा पाहिला.

"झालं," ते हात पुसत म्हणाले.

"एक राहिली," पडद्याआडून काशीराम म्हणाले. "सहावी."

"सहावी? मागच्या महिन्यात मी पाचांनाच लस टोचली."

"ती आत असते."

काशीराम बाहेर आले आणि डॉक्टरांच्या पाठीशी उभे राहिले.

"धरणार कोण?"

"धरावी लागत नाही. गरीब आहे."

डॉक्टरांनी हात घातला. लोकर लागली नाही. कातडी ऊन होती आणि तिच्यावर बारीक काटा उभा होता. मेंढीचा वास नव्हता, साबणाचा होता.

"आंघोळ घातलीत वाटतं?"

"निगा ठेवतो आम्ही." काशीरामांचा श्वास मानेवर येत होता. "दोनदा व्यायली, साहेब. दोन्ही खेपेला माद्या. या खेपेलाही तेच असेल, तर ठेवायची नाही असं घरात ठरलंय."

"तिला विचारलंत का?" डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच हसले. पायरीवरची धाकटी नात मुसमुसायला लागली.

"वनमाला, हिला आत ने गं!" काशीराम दाराकडे गेले.

स्क्रीनवर करडं धुकं हललं. ठोके दिसले, जलद, नीट. डॉक्टरांनी यंत्र थोडं सरकवलं. आता खूर दिसेल म्हणून ते पुढे वाकले.

धुक्यातून एक पंजा वर आला आणि उघडला. डॉक्टरांनी बोटं मोजली. पाच. अंगठा सावकाश तोंडाकडे गेला.

शेडमधला पंखा फिरत होता. पाची मेंढ्या रवंथ करायच्या थांबल्या होत्या.

"दिसलं का, डॉक्टरसाहेब?" दारातून काशीरामांनी विचारलं. "नर की मादी?"

डॉक्टरांना हात मागे घेता येईना. पडद्याआड कुणीतरी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"डॉक्टरकाका," आतून अगदी हळू आवाज आला, "नर म्हणा ना."