शेंदराखाली

मृणालिनीने शेवटची खपली सोलली आणि दगड उघडा पडला. अक्षर एकही नव्हतं. कमरेला दोराने झिजून पडलेली खाच तेवढी होती. भाईंदरच्या खाडीकाठी तिच्या उत्खननात निघालेल्या जुन्या धक्क्यावरचा, गलबतं बांधायचा खुंट. धक्का मातीखाली गेला, पण वर राहिलेला हा खुंट कोळीवाडा देव म्हणून पुजत आला होता. शेंदराखाली शिलालेख असणारच, असं ती सगळ्यांना छातीठोक सांगत आली होती.

पत्र्याच्या शेडमध्ये दगडाभोवती नारिंगी चुरा पडला होता. किती पिढ्यांनी तो शेंदूर थापला होता, कोण जाणे. घाई इतकी, की तिने केबिन रोडवरच्या रंगाच्या दुकानातून थिनर आणवलं आणि एका सकाळीत सगळा खरवडून काढला. "वरवर साफ करते, जसाच्या तसा परत देते," असा कोळीवाड्याला शब्द देऊन.

तेवढ्यात दारात शैलामावशी आली. कोळीवाड्यातलीच. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शेंदराची वाटी. उद्या होड्या पाण्यात जाणार होत्या, आणि देवाला शेंदूर चढवल्याशिवाय तिथे कुणी दोर सोडत नाही.

"मॅडम, झाला का देव साफ? सांजच्याला मानसं न्यायला येतील. म्हटलं, मी आधी पाया परून घेते."

दगड मावशीच्या समोरच उभा होता, नंबराची चिठ्ठी बांधलेला. मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर पुढे नेली. तिने ओळखलाच नाही.

"आत ठेवलाय," मृणालिनी म्हणाली. म्हणताना तिची तिलाच लाज वाटली.

"बरा केला. इथं धूळ किती हाय."

देवापुढे जायचं म्हणून मावशीने हातातलं टेबलावर ठेवलं आणि चपलेचा पट्टा सोडायला पाय उचलून त्याच दगडावर टेकवला.

"मावशी, पाय काढा."

मावशीने चटकन पाय घेतला. "चुकला मॅडम. तुमच्या कामाचा हाय काय?"

"नाही." मृणालिनीला मान वर करवेना. "तुमचा आहे."

मावशीने दगडाकडे पाहिलं, मग खालच्या चुऱ्याकडे. तिने शिव्या दिल्या असत्या, तर मृणालिनीने निमूट ऐकून घेतल्या असत्या. पण मावशी चपला दाराबाहेर ठेवून आली, दगडापुढे बसली आणि त्याला लागलेला आपल्या चपलेचा चिखल पदराने पुसू लागली.

"दिसला न्हाईस रं बाबा," ती दगडाला म्हणाली.